टेम्प्लेटमध्ये इफ लिहायचं की व्हॅल्यूवर सोडायचं?

टेम्प्लेट म्हणजे ज्यात व्हॅल्यू भरून वेबपेजचं एचटीएमएल तयार होतं तो साचा. पुण्यातल्या एखाद्या क्लासचा वेबवरचा प्रवेश अर्ज घ्या. कोथरूड, हडपसर, औंध अशी शाखांची यादी, आणि जागा भरलेल्या शाखेचा पर्याय बंद ठेवायचा. त्यासाठी टॅगमध्ये लिहायचा 'डिसेबल्ड' हा अ‍ॅट्रिब्यूट गरज असेल तेव्हाच छापला गेला पाहिजे, कारण एचटीएमएलमध्ये त्याचं नुसतं असणं पुरतं. पुढे 'फॉल्स' लिहिलं तरी पर्याय बंदच राहतो.

टॅगच्या आतच इफची अट लिहिणं जवळपास सगळीकडे चालतं, आणि काय छापलं जाणार ते समोर दिसतं. पण एका टॅगमध्ये तीन अटी आल्या की अवतरणचिन्हं सांभाळता सांभाळता डोळे शिणतात.

मला व्हॅल्यूवर सोडणंच पटतं, म्हणजे छापायचं की नाही ते दिलेल्या व्हॅल्यूवरून टेम्प्लेटनेच ठरवायचं. रेझर या मायक्रोसॉफ्टच्या टेम्प्लेट भाषेत व्हॅल्यू नल (म्हणजे काहीच नाही) किंवा फॉल्स असली की अख्खा अ‍ॅट्रिब्यूट गळतो. ही सोय एएसपी डॉट नेट एमव्हीसी या वेब फ्रेमवर्कच्या आवृत्ती 4 पासून आहे. पीएचपीच्या लाराव्हेल फ्रेमवर्कमधल्या ब्लेड टेम्प्लेटमध्ये 'चेक्ड', 'सिलेक्टेड', 'डिसेबल्ड' ही डायरेक्टिव्ह, म्हणजे तयार सूचना, लाराव्हेल 9 मध्ये, 2022 साली आली. मार्कअप सुटसुटीत राहतं.

रेझरमध्ये मात्र दोन ठिकाणी जपा. 'डेटा' आणि डॅशने सुरू होणारा अ‍ॅट्रिब्यूट नल असला तरी रिकामा छापला जातो. दुसरं जास्त महत्त्वाचं: मेनू उघडा आहे की मिटलेला हे सांगणाऱ्या 'एरिया-एक्स्पांडेड'मध्ये 'फॉल्स' हा शब्द खरोखर छापावा लागतो. तिथे बूलियन (खरं-खोटं प्रकारची) फॉल्स व्हॅल्यू दिलीत तर अ‍ॅट्रिब्यूटच नाहीसा होतो, आणि स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला मेनू मिटलेला आहे हे कळत नाही. तिथे व्हॅल्यू मजकूर म्हणूनच द्या, तीही स्मॉल अक्षरांत. रेझरमागची सी शार्प भाषा बूलियनचा मजकूर करताना पहिलं अक्षर कॅपिटल करते.