शेल्टरसाठी डॉग फूडची २० किलोची गोणी: खाणं चांगलं, गोणी भिकार

एक स्टार द्यायला बसलेले, लिहितालिहिता तीनवर आलेय. कंपनीचं नाव घेत नाही, खराब निघालेल्या गोणीच्या क्लेमचं भांडण अजून मिटायचंय. गोव्यात डिचोलीच्या बाजूला आमचं छोटं शेल्टर, बहुतेक गावठी कुत्री, काही अपघातातली, काही टिक फीव्हरमधून (गोचिडांमुळे येणारा ताप) उठलेली. हिवाळ्यापासून हेच चिकन-राइसवालं कोरडं फूड चालू आहे. प्रोटीन-फॅटचे आकडे तुम्हाला पाठ असतील, ते सोडा.

आधी गोणी, कारण डोकं तिथेच फिरलंय. वरच्या शिवणीचा दोरा एका टोकाने ओढला की सरसर सुटायला पाहिजे ना, हा दोन इंच सुटतो नि अडकतो, मग घ्या कात्री. आणि बॅच नंबर, एक्स्पायरी छापलीय कुठे, तर शिवणीच्याच पट्टीवर! म्हणजे कापली की नंबर कचऱ्यात. जूनमध्ये एक गोणी उघडली तर वरचे दाणे सादळलेले, कोपऱ्यात हिरवट बुरशी, कुबट वास. डीलरला फोन केला तर "मॅडम, बॅच नंबराशिवाय क्लेम पास होत नाही." अहो दादा, कात्री चालवायच्या जागी नंबर छापलाय, त्याला मी काय करू? फोटो धाडले, व्हिडिओ धाडला, तर म्हणे तुमच्याकडे ओल असेल. गोव्यात जूनमध्ये ओल नसलेलं घर दाखवा, मी क्लेम सोडते.

बुरशीचं तेवढं काढून बाकीचं घाला, असंही एकजण सांगून गेला. अजिबात नको. मक्या-तांदळावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, लिव्हरची वाट लावतं आणि उकळूनही जात नाही. अख्खी गोणी खड्ड्यात पुरली, पैसे गेले ते गेले.

आता खाण्याचं. जुन्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदललं, जुलाब नाहीत. शेल्टरवाल्यांची टेस्ट एकच, सकाळी शी फावड्याने उचलली जाते की पसरते. आधीच्या स्वस्त लाल-हिरव्या दाण्यांची पसरायची, वर ढीगभर. किलोचा दर बघून घेऊच नका, दिवसाचा हिशोब करा. नसबंदी झालेल्या १५ किलोच्या कुत्र्याला साधारण ८५० कॅलरी लागतात. किलोला ३५०० कॅलरीवालं असेल तर अडीचशे ग्रॅममध्ये भागतं, ३००० वालं असेल तर पावणेतीनशेच्या वर जातं, मग स्वस्त कुठलं?

खरं म्हणजे मी घरी शिजवण्याच्या बाजूची. उकड्या तांदळाचा मऊ भात, चिकनच्या दुकानातल्या माना, पाय, मीठ-कांदा-लसूण काही नाही, शिजलेली हाडं वेचून टाकायची. आजाऱ्यांना अजून तेच. पण सगळ्यांना रोज म्हटलं तर सिलिंडर परवडत नाही, आणि हाडं काढलेल्या भात-चिकनात कॅल्शियम काहीच नाही, पिल्लांना त्यावर वाढवलं तर पाय वाकतात. (गोणीतलं ॲडल्टचं आहे, पिल्लांना वेगळं घ्या.) बांगड्याची डोकी मिळायची ती १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद म्हणून बंद. त्या दोन महिन्यांत या गोणीनेच तारलं, हे कबूल करायला जड जातंय. आमची म्हातारी चंपी, कुठलंही कोरडं फूड तासाभरात ओकणारी, ती हेच कोमट पाण्यात भिजवून दिलं की ताट सरकवत सरकवत भिंतीपर्यंत नेते. एकाची खाज मात्र वाढली, डॉक्टरांनी त्याचं चिकन तोडून माशावालं लावलंय, फरक कळायला आठवडे जातील म्हणाले.

ठेवायचं कसं, तर झाकणाच्या ड्रममध्ये गोणीसकट. दाणे मोकळे ओतले की तळाला तेल राहतं, खवट होतं, नवा मालही लवकर खराब. आणि शिवण कापायच्या आधी पट्टीचा फोटो.

याच कंपनीच्या तीन किलोच्या पिशवीला झिप आहे! जी पिशवी घरातला एक कुत्रा महिन्याच्या आत संपवतो तिला झिप, आणि आमच्या २० किलोला दोरा. म्हणून दोन स्टार कापले. म्हापसा, फोंड्याकडे कोणाला याच दरात झिपवाली मोठी गोणी मिळत असेल तर डीलर सांगा, चतुर्थीच्या आधी ऑर्डर टाकायचीय.