लाल चकतीचा टाइमर, सव्वा वर्ष वापरून झाल्यावर

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, बोलतो पण मोजकंच. हा टाइमर घेतला तो सकाळच्या आंघोळीसाठी. पाण्याखाली उभा राहिला की पाऊण तास बाहेर यायचा नाही आणि मी दाराबाहेरून "साबण लावलास का, झालं का रे, आटप आता", रोजचंच. त्याला ऐकू येत नव्हतं असं नाही, घड्याळही वाचता येतं, पण "दहा मिनिटं" म्हणजे नक्की किती हे त्याच्या हाताला लागतच नव्हतं.

टाइमर अगदी साधा आहे. ६० मिनिटांची डायल, फिरवाल तेवढी लाल चकती दिसते आणि वेळ जाईल तशी ती आक्रसत जाते. वॉटरप्रूफ नाहीये, आम्ही झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून आरशापाशी ठेवतो.

पहिला आठवडा फुकट गेला हे आधीच सांगते. तो पंधरा मिनिटं नुसता चकतीकडे बघत उभा राहिला, साबणाला हात नाही. टाइमर किती वेळ उरला ते सांगतो, काय करायचं ते सांगत नाही. मग शेजारी चित्रं लावली, साबण, पाणी, टॉवेल, कपडे, आणि शिकवायला सुरुवात केली ती शेवटून, म्हणजे आधीचं सगळं बाबाच्या मदतीने आणि कपडे घालणं फक्त त्याचं एकट्याचं, ते जमल्यावर अंग पुसणं, असं मागे मागे येत. चित्रांची आयडिया काही आमची नाही, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९७२ साली सुरू झालेला टीच (TEACCH) हा ऑटिस्टिक लोकांसाठीचा कार्यक्रम चित्रांच्या वेळापत्रकावर भर देत आलाय.

मोठा दोष म्हणजे बीप. आवाज कमी करायची सोयच नाही. पहिल्यांदा वाजला तेव्हा त्याने कान दाबले आणि पुढचे चार दिवस बाथरूममध्ये पाऊल ठेवलं नाही. आम्ही शेवटी आतला स्पीकर काढून टाकला. तुम्ही घेणार असाल तर म्यूटचं बटण असलेलाच घ्या, कान नाजूक असलेल्या मुलांसाठी हे फार महत्त्वाचंय.

पण मला खरा उपयोग झाला तो वेगळाच. आमच्या थेरपिस्ट म्हणाल्या होत्या की तोंडी आठवण ही काढून घ्यायला सगळ्यात अवघड मदत असते, मूल त्या आवाजावरच चालायला लागतं. तसंच झालं होतं, मी बोलल्याशिवाय तो पुढची गोष्ट करतच नव्हता, आणि उद्या तो कामावर असेल तिथे मी कुठे असणारे? म्हणून मी गप्प राहायला शिकले, आधी दाराशी, मग पॅसेजमध्ये, मग स्वयंपाकघरात. एकदा केसांतून पाणी ठिबकत दारात उभा राहिला, मी "टॉवेल" म्हणेन म्हणून. मी फक्त चित्राकडे बोट केलं. त्याने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत चित्राकडे, आणि टॉवेल ओढला. माझे डोळे भरून आले.

सहा महिने डायल मीच फिरवत होते, ते चुकलंच. एकदा त्याने चकती मागे फिरवली तेव्हा मी रागावले, नंतर लक्षात आलं की त्याला वेळ वाढवून हवा होता, फक्त सांगता येत नव्हतं. मग "अजून पाच मिनिटं" हे वाक्य शिकवलं, कारण ते त्याला आयुष्यभर लागणारे, साहेबाकडे, डॉक्टरकडे, सगळीकडे. आता डायल तोच फिरवतो. तो पंधराऐवजी वीस लावतो, आंघोळ त्याची आहे, ठरवू दे त्याला.

वेळ संपताना बघून जीव घाबरतो अशा मुलांना आधी आवडीच्या गोष्टीसाठी लावून बघा, आणि कृपा करून धमकी म्हणून वापरू नका. बाहेरच्यासाठी आम्ही तशीच चकती दाखवणारं ॲप त्याच्या फोनवर टाकलंय, व्हायब्रेशनवर, मोठ्या माणसाने चारचौघांत खिशातून फोन काढला तर कोणी बघतही नाही.

पाचपैकी चार, एक स्टार त्या बीपसाठी कापला. सध्या बाबा त्याला दाढी करायला शिकवतोय, चित्रं लावलीत पण तिथे टाइमर ठेवलेला नाही, हातात ब्लेड असताना घाई नको.