फॉल्टचं वय काढून देणारी लॅब: मोजमाप एक नंबर, पहिलं पान सोडून

फॉल्टचं (म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर सरकलेत अशा भेगेचं) डेटिंग, म्हणजे वय मोजून देणाऱ्या एका लॅबची सर्व्हिस घेतली, त्याबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही, कारण एक तक्रार आहे आणि माणसं तशी कामाला प्रामाणिक आहेत. घाईत असाल तर एवढंच वाचा: 5 पैकी 4, पण रिपोर्टचं पहिलं पान डोळे झाकून थिसिसमध्ये चिकटवू नका.

माझ्याकडे होतं गाउज. फॉल्ट सरकताना दोन्हीकडचे खडक घासून घासून मधे जो चिकट मातकट लगदा तयार होतो ना, तो. त्यात इलाइट उगवतं, अभ्रकाच्या नात्यातलं क्ले मिनरल. इलाइटमध्ये पोटॅशियम असतं, त्यातल्या पोटॅशियम-40 चा हळूहळू आर्गॉन-40 होत राहतो (हाफ लाइफ साधारण 125 कोटी वर्षं, त्यातही दहातला जेमतेम एक अणू आर्गॉनकडे वळतो, बाकीचे कॅल्शियम होतात), म्हणून पोटॅशियम आणि आर्गॉन दोन्ही मोजले की इलाइट कधी उगवलं ते निघतं. घोळ असा की त्याच लगद्यात आजूबाजूच्या शेलमधलं (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) जुनं अभ्रकही चुरडून मिसळलेलं असतं आणि ते फॉल्टच्या कितीतरी आधीचं. सगळं एकत्र मोजलंत तर येणारं वय ना फॉल्टचं ना शेलचं.

लॅब इथे खरंच भारी निघाली. सँपल पाठवायच्या आधीच फॉर्ममध्ये प्रश्न होता, नमुना कुटलाय का? माझे दोन नमुने होते, एक तसाच ढेकूळ आणि दुसरा मी हुशारी करून खलबत्त्यात छान बारीक करून पाठवलेला. दुसरा त्यांनी सरळ परत केला. जाड जुनं अभ्रक कुटलं की तेही बारीक होऊन नव्या इलाइटच्या साइझमध्ये घुसतं, मग वेगळं काढायला काही उरतच नाही. ते लोक कुटत नाहीत, ओला नमुना गोठवतात, वितळवतात, परत गोठवतात, असं करत करत तो आपोआप सुटा होतो. त्या ईमेलवर रागावलो होतो, आता नाही.

मग पाण्यात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये कणांच्या साइझप्रमाणे चार वाटे केले, 2 ते 6 मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेट 0.1 मायक्रॉनपेक्षा बारीकपर्यंत. प्रत्येक वाट्याचं आधी एक्सआरडी (एक्स-रे टाकून कुठली खनिजं आहेत ते ओळखायची चाचणी), कारण जुनं अभ्रक बहुतेक टू-एम-वन पॉलिटाइपचं, म्हणजे थर रचण्याच्या त्या प्रकाराचं असतं आणि उथळ फॉल्टमध्ये उगवलेलं इलाइट वन-एम-डीचं, दोघांचा पॅटर्न वेगळा दिसतो. जाड वाट्यात थोडं पोटॅश फेल्डस्पार हे खनिजही सापडलं आणि त्यांनी ते न विचारता रिपोर्टमध्ये ठळक लिहिलं. हे महत्त्वाचं आहे कारण त्यातही पोटॅशियम असतं, म्हणजे वय आणखी फसवं.

याच मोजमापाची दुसरी पद्धत, आर्गॉन-आर्गॉन, का नाही असं विचारलं तर फोनवर पंधरा मिनिटं नीट समजावलं. त्या पद्धतीत नमुना रिॲक्टरमध्ये न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात, पोटॅशियम-39 चा आर्गॉन-39 होतो, पण होताना तो अणू झटका खाऊन मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास सरकतो. आता कणच तेवढा असेल तर अणू बाहेरच पडणार की! म्हणून नमुना आधी क्वार्ट्झच्या इवल्या कुपीत सील करावा लागतो. माझ्या कामाला साधं पोटॅशियम-आर्गॉन पुरेसं होतं आणि त्यांनी महागडी पद्धत गळ्यात मारली नाही, त्याचा वेगळा मार्क.

आता तक्रार. सर्वात बारीक वाट्याचं वय जाड वाट्याच्या जवळपास निम्मं आलं, म्हणजे मिश्रण आहे हे उघडच. पण पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "फॉल्टचं वय" म्हणून बारीक वाट्याचा आकडा तसाच छापलेला! त्याच रिपोर्टच्या मागच्या टेबलात लिहिलंय की त्या वाट्यातही थोडं टू-एम-वन आहे. मग तो आकडा फार तर वरची मर्यादा झाला, फॉल्टमधलं इलाइट त्याहून तरुण असणार. शेवटी मीच बसून ग्राफ काढला, आडव्या अक्षावर जुन्या अभ्रकाची टक्केवारी, उभ्यावर वय नाही तर ई चा लॅम्डा-टी घात वजा 1 (लॅम्डा म्हणजे पोटॅशियम-40 च्या क्षयाचा वेग, टी म्हणजे वय; मिश्रण आर्गॉन आणि पोटॅशियमच्या गुणोत्तरात सरळ रेषेत जातं, वयात नाही, इथे माझ्यासकट अर्धे लोक आधी चुकतात), आणि रेषा शून्य टक्क्यांपर्यंत ओढली. आकडा छापील वयापेक्षा खाली गेला, एररच्या बाहेर. मेल केला, तर "इंटरप्रिटेशन क्लायंटचं असतं" असं उत्तर. अहो मग पहिल्या पानावर ते नाव कशाला देता? दुसऱ्या मेलनंतर शब्द बदलून दिले, पण तोवर सांगितलेल्या तीन महिन्यांचे पाच झाले होते.

सोबत कॅल्साइटचे दोन तुकडेही दिले होते, फॉल्टच्या पृष्ठावर सरकण्याच्या दिशेने वाढलेले तंतू, लेझरने युरेनियम-लेड डेटिंग करायला (त्यात युरेनियमचं शिसं किती झालं ते बघून वय काढतात). एकात युरेनियम इतकं कमी की वयच निघेना, आणि हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्याचं वय इलाइटपेक्षा बरंच कमी आलं. आधी वाटलं कुठेतरी गडबड झाली, मग फील्डचे फोटो उघडले तर त्या कॅल्साइटची शीर गाउजला कापून जाताना स्पष्ट दिसतेय, म्हणजे फॉल्ट नंतर परत हललेला. फोटो काढताना हे डोक्यातच आलं नव्हतं.

एक सांगतो, गेल्या काही हजार वर्षांतले भूकंप शोधायचे असतील तर ही सर्व्हिस तुमच्यासाठी नाही, तेवढ्या वेळात मोजण्याजोगा आर्गॉन साठतच नाही. तिथे फॉल्टवर चर खणून तुटलेल्या थरांमधल्या कोळशाचं, पीटचं (दलदलीत साठलेल्या कुजक्या वनस्पतींचं) कार्बन-14 डेटिंग करतात, भूवैज्ञानिक केरी सीह यांनी 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास फॉल्टवर पॅलेट क्रीकला केलं तसं.

पाठवणार असाल तर ढेकूळच पाठवा, बाजूचा न चुरडलेला शेलही द्या म्हणजे जुन्या अभ्रकाचं वय ताडून बघता येतं (मी दिला नव्हता, आता परत फील्डला जावं लागणार), आणि प्रत्येक वाट्याची एक्सआरडीची रॉ फाइल पहिल्याच मेलमध्ये मागून ठेवा, मागितल्याशिवाय देत नाहीत.