पार्किंगमधल्या सहा सायकली: अकरा महिन्यांनंतर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेल्या वर्षी मोजल्या तेव्हा एकोणीस सायकली निघाल्या. फ्लॅट बेचाळीस. त्यातल्या रोज बाहेर पडणाऱ्या दोनच, एक शाळेतल्या मुलीची आणि एक वॉचमनची. बाकीच्या भिंतीला टेकलेल्या, टायर बसलेले, सीटवर कबुतरांची कृपा. आठवीत हट्ट करून घेतलेल्या आणि कॉलेजला गाडी आल्यावर विसरलेल्या. त्यातल्या सहा दुरुस्त करायच्या आणि सगळ्यांनी मिळून वापरायच्या, असं गुढीपाडव्याच्या दिवशी गच्चीवर ठरलं. सोळा घरं तयार झाली, महिना शंभर रुपये वर्गणी. सहा सायकलींचा पहिला खर्च 9,400 आला. टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, केबली, आणि गंजून गेलेले गिअर काढून दोन सायकली सरळ साध्या करून घेतल्या. प्रत्येकीला आकड्यांचं कुलूप. आकडा दर महिन्याला बदलतो आणि ग्रुपवर येतो.

माझा वापर असा: पुण्यातल्या डहाणूकर कॉलनीतून आनंदनगर मेट्रो स्टेशन, संध्याकाळी परत. ऑफिस कल्याणीनगरला. मार्च 2024 मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेल्यापासून पुढचा प्रवास सोपा झालाय, घोडं अडतं ते घर ते स्टेशनमध्येच. चालत अर्धा तास. एवढ्याशा अंतराला रिक्षावाला मान हलवतो, तीही आडवी. गाडी न्यावी तर लावायची कुठे, हा रोजचा प्रश्न. सायकलने अकरा-बारा मिनिटं लागतात, कर्वे पुतळ्याचा सिग्नल अंगावर आला तर पंधरा. हा हिशेब मी आधी महिनाभर मनातच करत होते, कारण लाज वाटत होती. चाळिशीनंतर ओढणी खोचून सायकलवर टांग मारायची म्हणजे सगळी गल्ली बघणार असं वाटायचं. गल्लीला काही पडलेलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात भाजीवाल्याने फक्त एवढंच विचारलं, “ताई, गाडी गॅरेजला का?”

पहिले दोन महिने झकास गेले. मग एकेक करून सायकली ‘गप्प’ व्हायला लागल्या. सकाळी पावणेनऊला खाली उतरावं, दोन नंबरची सायकल स्टँडवर छान उभी, कुलूप काढून बसावं तर मागचं चाक चपटं. कुणी पंक्चर झालेली आणून ठेवली, काही कळायचं नाही. याला कारण आमचाच नियम होता. ज्याच्या हातात पंक्चर होईल त्याने काढून आणायचं, पैसे फंडातून मिळतील. ऐकायला न्याय्य. पण त्यामुळे जो सांगेल त्याच्याच गळ्यात काम पडायचं, म्हणून कुणी सांगेचना. साठ रुपयांचा प्रश्न नव्हता, दुकानापर्यंत सायकल ढकलत नेण्याचा होता. जुलैत नियम बदलला. काही बिघडलं तर हँडलला लाल चिंधी बांधायची आणि निघून जायचं. कोण, कधी, कसं, काही विचारायचं नाही. चिंध्यांचा गठ्ठा लेटरबॉक्सच्या वर टांगलाय. पहिल्याच आठवड्यात सहापैकी चार हँडलांना चिंध्या लागल्या!

चिंधी बघून पुढचं काम तिसऱ्या मजल्यावरचे काका करतात. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. सदाशिव पेठेतून खडकीला ते कित्येक वर्षं सायकलनेच जायचे, डबा कॅरिअरला. रोज संध्याकाळी ते खाली येतात आणि बारा टायर अंगठ्याने दाबून बघतात. मी त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले. टायरच्या वरून दाबायचं नाही, बाजूने चिमटीत धरायचं. सहज दबलं तर हवा कमी, आणि मग बसल्यावर पायडल जड जाणार, खड्ड्यात ट्यूब रिमवर आपटून दोन समांतर भोकं पडणार. त्या जोडभोकांना काका ‘साप चावला’ म्हणतात. आमच्या सहापैकी दोघींना जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह आहे, आत इवलीशी रबरी नळी असते तो. ती नळी उन्हाने कडक होते आणि पंक्चर नसतानाही हवा जाते. पाच रुपयांचा तुकडा. बाकी चारांना मोटारसायकलवाला व्हॉल्व्ह, त्याला पंपाचं तोंड वेगळं. हे कळेपर्यंत आम्ही एका चांगल्या ट्यूबवर दोनदा पंक्चरवाल्याकडे चकरा मारल्या होत्या.

हे एवढं लांबण लावायचं कारण, मी याआधीही भाड्याच्या सायकली वापरल्यात. डिसेंबर 2017 मध्ये औंधला सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली तेव्हा माझं ऑफिस तिकडेच होतं. त्याच महिन्यात महापालिकेने 824 किलोमीटरच्या सायकल मार्गांचा आराखडाही मंजूर केला. पुढच्या वर्षी ओफो आणि मोबाइक या भाड्याने सायकली देणाऱ्या कंपन्यांच्या पिवळ्या आणि केशरी सायकली दिसायला लागल्या. फोनवर कोड स्कॅन करायचा, खट्ट करून कुलूप उघडायचं, कुठेही सोडून द्यायची. परिहार चौकातून ब्रेमेन चौकापर्यंत मी ऑफिसचं जेवण पचवायलासुद्धा जायचे. (ब्रेमेन हे पुण्याचं जर्मनीतलं भगिनी शहर, आणि तिथे सायकलींची चंगळ आहे. चौकाला नाव देताना तेवढं एक आणायचं राहिलं.) ओफोने 2018 मध्येच भारतातून गाशा गुंडाळला, मोबाइकही राहिली नाही. लोकांनी कुलपं तोडली, सीटं पळवली, सायकली नदीपात्रात टाकल्या हे खरं आणि लाजिरवाणंही. पण मला तेव्हा जे जाणवायचं ते वेगळं. जवळच्या चार सायकलींपैकी एकीचं सीट वर होईना, एकीचा ब्रेक चाकाला घासतोय, एकीत हवा नाही, आणि चौथी कुणाच्या तरी बंद गेटाच्या आत. शिकल्या-सवरलेल्या कुलपाला आपण कुठे आहोत ते कळत होतं, चाकात हवा आहे का ते कळत नव्हतं.

बाबांच्या लहानपणी पेठांमधून तासावर सायकल मिळायची. दुकानदार वहीत नाव लिहायचा, ओळखीचा नसेल तर कुणाची तरी ओळख आणायला लावायचा. ते भाड्याचं दुकान म्हणजेच दुरुस्तीचं दुकान. सायकल परत आली की पुढचं चाक उचलून फिरवून बघायचा, मगच पैसे घ्यायचा. आमच्या योजनेत ही वही म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि दुकानदार म्हणजे काका. ऑक्टोबरात काका लेकीकडे नाशिकला गेले, तीन आठवडे. परत आले तेव्हा सहापैकी दोन चालू होत्या. त्यानंतर आम्ही फंडातून एका मेकॅनिकला दर पंधरवड्याला घरी बोलवायला लागलो, चारशे रुपये एका खेपेचे. ही गोष्ट पहिल्या महिन्यापासून करायला हवी होती.

दुसरं भांडण सायकली पुरण्याचं. सकाळी नऊपर्यंत आम्ही चौघं स्टेशनवर सायकली लावून मेट्रोत बसलेले, आणि त्या सायकली संध्याकाळी सातपर्यंत तिथे नुसत्या उभ्या. अकरा वाजता काकूंना दळण आणायचंय तर पार्किंग रिकामं. “वर्गणी सगळ्यांची, सायकली ऑफिसवाल्यांच्या,” असा मेसेज आला, आणि त्यात चूक काहीच नव्हती. इथे औंधची योजना आमच्यापेक्षा हुशार होती, मी सोडलेली सायकल दहा मिनिटांनी दुसरा कुणीतरी उचलायचा. आमच्या चार सायकली रोज दहा तास आमची वाट बघतात. तोडगा म्हणून पाच आणि सहा नंबर ‘घरच्या’ केल्या, दोन तासांच्या वर बाहेर ठेवायच्या नाहीत. तरी कुरबुर आहेच.

बारीकसारीक: सीटच्या दांड्यावर ज्याच्या-त्याच्या उंचीप्रमाणे नेलपॉलिशने रेघा मारल्यात. माझी लाल, समोरच्या कॉलेजकुमाराची चंदेरी (ती त्याच्या आईने मारलीय). सीटची खटकी उघडायची, सीट आपल्या रेघेवर आणायचं, खटकी दाबायची, दहा सेकंदांचं काम. याच खटकीमुळे एकदा एका दुकानाबाहेर लावलेल्या सायकलचं सीट चोरीला गेलं आणि मी सबंध कोथरूड उभ्याने पायडल मारत पार केलं. आता नटबोल्ट लावणार होतो, पण मग उंची बदलता येत नाही, म्हणून सीटला बारीक साखळी. पावसाळ्यात गिअरवाल्या सायकली टाळा, मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाची सरळ रेघ उमटते आणि ती घेऊन मीटिंगला बसावं लागतं. ब्रेक ओले असताना लागायला वेळ लागतो, सोसायटीच्या उतारावर हे मी गेट जवळ येताना शिकले.

एकदाच, डिसेंबरातल्या एका शनिवारी, थेट ऑफिसपर्यंत सायकलने गेले. तासाभराच्या आत पोचले. गेटवर रोखलं. पार्किंगच्या पाससाठी गाडीचा नंबर पाहिजे. म्हटलं, सायकलला नंबर नसतो. म्हणाले, नंबरशिवाय नोंद होत नाही. बाबांच्या काळी सायकलला महापालिकेचा कर होता आणि त्याचा बिल्ला पुढे लावावा लागायचा, नसला तर दंड. तो असता तर तोच आकडा लिहून दिला असता. शेवटी वहीत सोसायटीचा ‘4’ लिहिला आणि आत सोडलं.

रस्त्यांबद्दल फार लिहीत नाही, पुण्यात राहणाऱ्याला काय सांगायचं! 2006 मध्ये कात्रज ते हडपसर बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका) आली तेव्हा सोबत सायकल ट्रॅकही आले, त्यांचं काय झालं ते कुणीही जाऊन बघावं. माझ्या वाटेवर ट्रॅक असो-नसो, मी कडेच्या दोन फुटांतून जाते, आणि भीती वाटते ती बसची नाही, उभ्या मोटारीचं दार अचानक उघडण्याची.

पैशांचं म्हणाल तर अकरा महिन्यांत माझे अकराशे गेले आणि स्कूटरचं पेट्रोल निम्म्यावर आलं. आठवड्यातले पाच दिवस ठरवले होते, प्रत्यक्षात साडेतीन पडतात. ज्यांच्या सोसायटीत रोज टायर दाबून बघणारं कुणी नाही, त्यांनी आधी मेकॅनिक ठरवावा, मग कुलपं घ्यावीत. सध्या पाच सायकली चालू आहेत. तीन नंबरचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) गेलंय, मेकॅनिकने गुरुवार सांगितलाय, म्हणजे सोमवार धरून चालायचं.