डोंगरावरचं इटालियन गाव रंगवायला शिकायचंय: लिअर की पामर?

जलरंगात डोंगरमाथ्यावरचं गाव शिकायचं आणि कॉपीसाठी एकोणिसाव्या शतकातला कुणीतरी समोर ठेवायचा, तर एडवर्ड लिअर घ्यावा की सॅम्युअल पामर? दोघंही इंग्रज चित्रकार, दोघंही इटलीत राहिलेले, दोघांचीही गावं खडकातूनच उगवल्यासारखी दिसतात, पण तिथवर पोचायची वाट एकदम वेगळी आहे.

लिअर 1864 च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या नीसहून इटलीतल्या जेनोआकडे किनाऱ्याच्या रस्त्याने चालत निघाला आणि वाटेत स्केचेस करत सुटला. जागेवर पेन्सिल, तिथंच तारीख टाकायची, चित्रातच कुठे कुठला रंग ते लिहून ठेवायचं, आणि नंतर बसून शाईने रेघा पक्क्या करून वरून पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाचा हात. 1873 ला मुंबईत उतरून पुढे भारतभर फिरला तेव्हाही हीच पद्धत. नीट बघा, भिंत आणि तिच्याखालचा कडा कितीदा तरी एकाच फिकट वॉशमध्ये असतात, घर कुठे संपलं ते रेघच सांगते. मला हे फार आवडतं. नवख्या माणसाला यातून कळतं की प्रत्येक खिडकी रंगवायची गरजच नाही.

पामर 1837 मध्ये लग्न करून बायकोला, हॅनाला, घेऊन इटलीत गेला आणि 1839 पर्यंत राहिला. (ती तिथं वडिलांसाठी व्हॅटिकनमधल्या राफाएलच्या चित्रांवरून काम करत होती, तिच्याबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं.) इटलीतल्या तेर्नीच्या धबधब्याखालच्या पापिन्यो गावाचं त्याचं चित्र बघा. पामर पारदर्शक जलरंगावर पांढरा मिसळलेला जाड रंग लावतो, आपल्या पोस्टर कलरसारखा, आणि उन्हातली भिंत त्यामुळे अक्षरशः पेटते. पण हे करताना खालचा थर पूर्ण वाळायलाच हवा, नाहीतर सगळं दुधाळ होतं. मी घाई केली आणि अख्खी टेकडी खडूने रंगवल्यासारखी झाली, तीनदा. कागद पातळ असेल तर थरांनी त्याचा भुगा निघतो, त्यामुळे 300 जीएसएमच्या (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) खाली जाऊच नका.

म्हणजे ऑफिसनंतर तासभर मिळतो आणि ड्रॉइंग कच्चं आहे, तर डोळे मिटून लिअर, कारण चूक झाली तर रेघेत लगेच दिसते आणि कागद, रंग दोन्ही कमी लागतात. ड्रॉइंग हातात बसलंय पण चित्रं मेल्यासारखी दिसतात, ऊन येतच नाही, तर पामर घ्या, फक्त एका चित्राला दोन-तीन रविवार द्यायची तयारी ठेवा. दोन्ही एकदम सुरू करू नका, मी केलं होतं आणि पांढरा कुठे कागदाचा सोडायचा आणि कुठे रंगाचा लावायचा यातच महिना गेला.