विहारचं पाणी: धरणाला पैकीच्या पैकी, नळाला काठावर पास

पाणीपुरवठा ही सेवा आहे. तेव्हा तिचं परीक्षणही खानावळीच्या ताटासारखंच करावं: काय मागवलं, किती आलं आणि त्यात माशी होती का. मुंबईच्या विहार तलावाच्या पाणीयोजनेबाबत शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘जाळी होती’ एवढंच देता येतं.

१८५४ च्या टंचाईत बेटावरच्या विहिरी आणि तळी आटली आणि हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याची योजना मार्गी लागली. काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालं, १८६० मध्ये पूर्ण झालं. चार वर्षांत तीन मातीची धरणं आणि शहरापर्यंत बिडाची ३२ इंची वाहिनी. आज एवढ्या अवधीत निविदेची मुदतवाढ तरी पदरात पडेल का, शंकाच आहे.

पैकीच्या पैकी गुण जागेला. मिठी नदीच्या खोऱ्याला टेकड्यांनीच कठडा घातलेला. मोकळ्या तीन फटी बुजवल्या की तलाव तयार, आणि तोही शहरापेक्षा उंचावर. त्यामुळे पाणी उतारानेच येतं. पंप नाही, कोळसा नाही, रात्रपाळीचा इंजिनवाला नाही. कलकत्त्याने दहा वर्षांनी पलत्याहून हुगळीचं पाणी आणलं, तेव्हा वाफेची इंजिनं पोसावी लागली. धरणांपैकी सर्वांत उंच ८४ फुटांचं. अशा मातीच्या धरणाची दुखरी जागा म्हणजे त्याच्या पोटातून जाणारा नळ. नळाभोवतीची चिकणमाती थराथराने चोपली नसेल, तर पाणी नळाला चिकटून वाट काढतं, मातीचे कण सोबत नेतं आणि भोक आतून मोठं होत जातं. खालच्या बाजूला झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवावं. गढूळ येऊ लागलं तर मात्र धावपळ करावी.

सर्वांत देखणी चीज म्हणजे पाणी उचलण्याचा मनोरा. त्याला एकाखाली एक अशी चार तोंडं, प्रत्येकाचा व्यास ४१ इंच, मधलं अंतर १६ फूट. एका वेळी एकच तोंड चालू. त्यावर तांब्याच्या बारीक तारेच्या जाळीचा पिंजरा बसवायचा आणि उरलेली तीन वरच्या सज्जातून साखळीने सोडलेल्या निमुळत्या बुचांनी बंद ठेवायची. कल्पना अशी की अगदी वरचं पाणी उन्हाने तापलेलं आणि शेवाळी, तळाचं गाळाचं आणि वासाचं, म्हणून मधलं घ्यावं. पण १६ फूट हे अंतर जास्तच आहे. उन्हाळ्यात पातळी घसरत चालू तोंडाच्या जवळ येते, तेव्हा दोनच पर्याय उरतात: पृष्ठभागाजवळचं शेवाळी पाणी घ्या, नाहीतर एकदम १६ फूट खाली जा. ८ फुटांवर तोंडं असती तर ऐन मे महिन्यात बराच ताप वाचला असता. आणि जाळीचं म्हणाल तर ती मासा अडवते, पान अडवते. रंग, वास आणि रोगजंतू तिच्यातून आरामात जातात. गाळणी सुरुवातीला नव्हतीच. शिवाय जाळी तुंबली की नळातला दाब घटतो, म्हणजे ती धुण्याची पाळी चुकवून चालत नाही.

नळाच्या सांध्यांना मात्र दाद द्यावी. बिडाच्या नळाचं एक टोक सरळ, दुसरं रुंद तोंडाचं. सरळ टोक त्या तोंडात बसवायचं, भोवतीच्या फटीत सुताची वेणी ठासायची, तोंडाला चिकणमातीचं कडं करायचं आणि वरच्या भोकातून वितळलेलं शिसं ओतायचं. ओतणं एका दमात व्हावं. हात मध्येच थांबला की आधीचं शिसं गोठतं, नंतरचं त्याला जुळत नाही आणि सांध्यात कायमची चीर राहते. फटीत ओल असेल तर वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. थंड झाल्यावर शिसं आकसतं, म्हणून छिन्नी-हातोड्याने ते पुन्हा सगळीकडून ठोकून बसवावं लागतं. कंटाळा नेमका याच पायरीला केला जातो आणि गळती इथूनच लागते. खाडीकाठच्या मऊ जमिनीत नळ थोडा जरी खचला तरी पहिला उघडतो तो सांधाच.

आता माप. सुरुवातीची क्षमता दिवसाला ३.२ कोटी लिटर. ३२ इंची नळातून एवढं पाणी सेकंदाला सुमारे पाऊण मीटर वेगाने वाहतं, म्हणजे नळाचं माप योग्यच होतं. पण १८६४ च्या मोजणीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. माणशी ३९ लिटर, फार तर दोन-अडीच बादल्या, तेही गळती शून्य धरून. बिडाच्या आत गंजाचे फोड येतात. त्यांनी व्यास एक इंचाने जरी घटला तरी वहनक्षमता आठ टक्क्यांनी उतरते. त्यात वाहिनी एकच, त्यामुळे दुरुस्तीला बंद केली की शहराच्या घशाला कोरड.

काठावर पास म्हणतो ते मुख्यतः गटारांमुळे. पाणी आत आणलं, बाहेर नेण्याचं काम मागे पडलं. नळकोंडाळ्याखाली सांडलेलं सखल वस्तीत मुरायचं. नळ आणि गटार शेजारी असतील आणि नळ रिकामा पडला, तर सैल सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, हा धोका वेगळाच.

मलबार हिलवाल्यांसाठी विहारची उंची अपुरी होती. तुळशी तलावाची भरलेली पातळी विहारपेक्षा सुमारे ५९ मीटर वर आहे. १८७९ मध्ये तो पूर्ण झाला आणि त्याची वेगळी वाहिनी टेकडीवरच्या जलाशयाला जोडली. रेतीच्या गाळण्याही पुढे आल्या. त्यात वरचा इंच-दोन इंच थर खरवडून धुतला की गाळणी पुन्हा चालू होते. विहारच्या मनोऱ्याजवळच असे दोन-चार हौद १८६० मध्ये बांधले असते, तर तांब्याच्या जाळीवर भिस्त ठेवावी लागली नसती.