खिडक्यांचं कुजकं लाकूड इपॉक्सीने भरलं, एक अख्खा पावसाळा काढल्यावरचा अनुभव

मालवणच्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडक्या, सागवानीच आहेत पण खारा वारा आणि पाऊस दोन्ही तोंडावर घेतात. मागच्या वेळी पेंटरने पाऊस थांबून आठवडा झाला नाही तोच ऑइलपेंट मारला, दिवाळीनंतर ऊन तापलं तसे फोड आले, एक फोडला तर आत चक्क पाणी.

म्हणून यंदा फेब्रुवारीत, लाकूड खडखडीत सुकल्यावर, स्वतःच बसलो. स्क्रूड्रायव्हरने टोचत गेलो तर खालच्या पट्टीत तो भिजल्या बिस्किटात शिरावा तसा शिरला. टणक लाकूड लागेपर्यंत पटाशीने कोरलं, आई म्हणाली अरे खिडकी उरणारे का. जिथे लाकूड राखाडी पडलेलं तिथे 80 नंबरचा पॉलिश पेपर, खालचा पिवळसर साग दिसेपर्यंत, कारण तो राखाडी थर म्हणजे उन्हाने सुटलेले तंतू, रंग त्यांनाच धरतो आणि दोघं मिळून सुटतात.

मग दोन डब्यांवालं इपॉक्सी फिलर. सारखे गोळे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळायचं, पण थोडं थोडं घ्या, आपल्याकडच्या उन्हात पंधरा-वीस मिनिटांत दगड होतो, माझा पहिला गोळा अर्धा फुकट गेला. हातमोजे हवेतच. महाग आहे, वास पण आहे.

आता नोव्हेंबर. सात जागा भरल्या, सहा जशाच्या तशा. सातवीला केसाएवढी फट पडून पाणी शिरलं, पण तो माझाच आळस, तिथे मऊ लाकूड राहू दिलेलं. मागल्या दारची खिडकी चॉकपावडरच्या लांबीने, म्हणजे साध्या पुट्टीने, भरली होती, ती जुलैतच धुऊन गेली.

पण खरं सांगू, फिलरपेक्षा जास्त फरक तळाच्या कडेने पडला असं मला वाटतं. झडपा बिजागऱ्यांतून उतरवून ती कड, जी कुणाला दिसत नाही म्हणून पेंटर कधी रंगवतच नाही, तिला पातळ प्रायमरचे दोन हात दिले, उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच असतात आणि पाणी तिथूनच वर चढतं. दरवर्षी जूनमध्ये झडपा फुगायच्या, सुतळीने बांधून ठेवायचो. यंदा कडी लागत होती.

सातवी जागा परत कोरून ठेवलीय, संक्रांतीपर्यंत सुकू देतो, मग भरेन.